ताईची नक्कल

हसरे सर आले त्या दिवशी कारखान्यातले सगळे जण पहिल्यांदाच एका वेळी सोफ्यांवर बसले. एरवी सोफा करायचा यांनी आणि त्यावर पाय पसरायचे दुसऱ्यांनी. त्या दिवशी दुरुस्तीला आलेले, कव्हर चढवून बाहेर जायला निघालेले, नुसत्या स्प्रिंगांचे सांगाडे, जे हाताला लागेल ते गोल मांडलं होतं आणि शिंपी, सुतार, पॉलिशवाले, भरणीवाले असे सगळे त्यावर अंग चोरून बसले होते. आपण केलेल्या वस्तूवर बसायची सवय नसली की माणूस असाच बसतो.

हसरे सरांचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. ते सारखे हसत होते म्हणून हसरे सर. माणसं कशी जिंकायची, बढती कशी मिळवायची, वरिष्ठांशी कसं बोलायचं आणि हाताखालच्यांना कसं बोलतं करायचं, हे ते शिकवत. ज्याला माणसं जिंकता येतात तो फोमच्या भुशात उभा राहून सुतारांना हसायला शिकवायला कशाला येईल, हा प्रश्न कुणी विचारला नाही. मॅडम समोर बसल्या होत्या ना.

मॅडम म्हणजे मालकांची सून. मालकांचे गुडघे गेले, ते घरी बसले आणि सूनबाईंनी कारखाना हातात घेतला. शिकलेली, चटपटीत बाई. कुणाला टाकून बोलायची नाही. तिने आल्या आल्या सांगून टाकलं होतं, "मला सुपरवायझर नेमायचाय. बाहेरून आणणार नाही, तुमच्यातलाच घेईन. पण हातात कला आहे एवढ्यावर नाही. ज्याला माणसं सांभाळता येतात, त्याला."

त्या जागेवर दोघांचा डोळा होता. एक फोमवाला, तोंडाने तिखट, दिवसभर टिवल्याबावल्या करणारा. दुसरा मखमल.

मखमल हे त्याचं पाडलेलं नाव. सोफ्याच्या लाकडी चौकटीवर कापड ठोकणं हे त्याचं काम. स्टेपल गन आली तरी जुन्या खुर्च्यांना अजून खिळेच लागतात, आणि ठोकणारा ते खिळे मूठभर तोंडात धरतो. जिभेने एकेक पुढे ढकलायचा, ओठातून हातोडीच्या टोकाला लावायचा, ठोकायचा. तोंडात खिळे असलेल्या माणसाला बोलता येत नाही. त्याला फक्त बघता येतं. वर्षानुवर्षं मखमल बघत आला होता. कोण कसा चालतो, कोण खोटं बोलताना कान खाजवतो, कोण पगाराच्या दिवशी कसा खाकरतो. सगळं त्याच्या अंगात साठलं होतं, आणि ते बाहेर काढायला त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

हसरे सरांनी सांगितलं.

"आता एक गंमत करू," ते तळवे चोळत म्हणाले. "ज्याच्याशी वागणं आपल्याला अवघड जातं असा एक माणूस इथे करून दाखवायचा. नाव घ्यायचं नाही. बाकीच्यांनी सांगायचं, त्या माणसाचं काय चुकतं."

फोमवाल्याने टेम्पोच्या ड्रायव्हरची नक्कल केली. दोनचार जण हसले. मॅडमनी मान हलवली, बस्स.

मग मखमल उठला. त्याने पॉलिशवाल्या काकांचं तपकिरी बोटांनी चहाचा कप धरणं करून दाखवलं. हशा. त्याने हसऱ्या सरांचं हसणंच करून दाखवलं. मॅडम खो खो हसल्या. आता माणसाला हसवण्याची चटक वाईट. एकदा ती जिभेला लागली की माणूस घरातलं भांडं विकून पुढचा घोट घेतो. काकांचं झालं, सरांचं झालं, आता काय? सगळे त्याच्याकडे बघत होते. मॅडम पुढे सरकून बसल्या होत्या. आणि त्याच्या अंगात जे सगळ्यात खोल, सगळ्यात नेमकं साठलेलं होतं, ते आपोआप वर आलं.

त्याने गळ्यात मोजपट्टी अडकवली. तिची दोन्ही टोकं दोन मुठींत धरली. उघड्याच असलेल्या एका दारावर टकटक केली. अर्धा आत, अर्धा बाहेर उभा राहिला. कमरेत वाकला. बोलायच्या आधी हॅ हॅ करून हसला. "नाही म्हणजे... तुम्ही म्हणाल तसं. तुमचा वेळ नाही ना घेत मी?" मोजपट्टीची टोकं मुठीत पिळत राहिला. मग पाठ न फिरवता तसाच मागे मागे सरकत आला, कोपर दाराच्या कडेवर आपटलं, आणि ते चोळत चोळत पुन्हा एकदा वाकला, जणू दारालाही म्हणतोय, माझंच चुकलं.

कारखाना हशाने फुटला. फोमवाला पोट धरून गाद्यांच्या गठ्ठ्यावर लोळला. नाव घ्यायची गरजच नव्हती. गळ्यात मोजपट्टी अडकवून कुणाकडे काही मागायला जाणारी बाई कारखान्यात एकच होती. शिलाईच्या मशीनवरची ताई. सगळ्यांची ताई. मखमलीची सख्खी थोरली बहीण.

ताईसुद्धा हसली. मोजपट्टीला हसली, वाकण्याला हसली. कोपराच्या वेळी मात्र तिचं हसू क्षणभर अडकलं, मशीनमध्ये दोरा अडकतो तसं. मग ते पुन्हा सुरू झालं. "अगदी मीच बाई!" ती डोळे पुसत म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

"वा!" हसरे सर म्हणाले. "निरीक्षण म्हणतात ते हे! आता सांगा, या व्यक्तीचं काय चुकतं?"

आणि सगळ्यांनी सांगितलं. ती व्यक्ती तिथेच, फाटक्या खुर्चीच्या सांगाड्यावर बसलेली असताना सांगितलं. पाठ ताठ नाही. नजर देत नाही. स्वतःला कमी लेखते. अशा माणसाला कोण किंमत देणार? सर प्रत्येकाला शाबासकी देत होते. ताई मान हलवत होती. गिऱ्हाईक माप सांगतं तेव्हा ती जशी मान हलवायची तशी, हो, हो, पुढे?

त्या दिवशी मखमल सुपरवायझर झाला.

आता ते कोपर कुठलं, ते सांगायला हवं.

आई गेल्यावर याला ताईनेच वाढवलं. कारखान्यात चिकटवलं तेही तिनेच. नवा असताना त्याने एकदा गडद हिरव्या मखमलीचा अख्खा सेट बेतला आणि अर्धे तुकडे उलटे बेतले. मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला की ती बसते, दुसऱ्या बाजूने फिरवला की उभी राहते. उलटा तुकडा लावला तर तेच कापड काळं दिसतं. तीन खुर्च्या हिरव्या आणि तीन जळल्यासारख्या. गिऱ्हाईक बघून तसंच परत गेलं. मालकांनी याला सगळ्यांदेखत हाकललं. मखमल हे नाव तेव्हाच पडलं, आणि ते कारखान्यात पोराटोरांनाही ठाऊक होतं.

पुढचं मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. जेवणाची सुट्टी झाली, सगळे बाहेर गेले. हा आपले कपडे घ्यायला मागे वळला आणि स्प्रिंगांच्या ढिगाआड थबकला. केबिनला काच होती. काचेपलीकडे मालक बसले होते आणि ताई उभी होती. आवाज ऐकू येत नव्हता. फक्त दिसत होतं. मोजपट्टीची टोकं, कमरेतून वाकलेलं अंग, ते लाचार हसू. मालकांनी हात झटकला, ती आणखी वाकली. शेवटी मालकांनी मान डोलावली असावी, कारण ती मागे मागे सरकत निघाली आणि तिचं कोपर दाराच्या कडेवर फाडकन आपटलं. त्या संध्याकाळी कोपर टरारून सुजलं होतं. "मशीनला लागलं," ती म्हणाली. आणि मग त्याचा हात धरून तिने मखमलीच्या चिंधीवरून फिरवला. "बघ, गाढवा. मांजराच्या पाठीवरून फिरवतोस तसा फिरव. मांजर रागावलं, की तुकडा उलटा." दुसऱ्या दिवशी तो कामावर होता.

ती मालकांशी काय बोलली, हे तिने कधी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. त्याने बघितलंय, हेच तिला ठाऊक नव्हतं.

आता ठाऊक झालं. सगळ्या कारखान्याच्या हशामध्ये, कोपराच्या त्या एका ठोक्याला तिला कळलं, की तेव्हा काचेबाहेर हा उभा होता. आणि आपल्या आयुष्यातला तो नागडा क्षण याने इतकी वर्षं जपून ठेवला, तो असा बाजारात मांडायला.

घरी त्याची बायको आनंदली. "ताईंना सांगितलंत का? त्यांना बोलवा की चहाला."

"ती तिथेच होती," तो म्हणाला.

"मग? खूश झाल्या असतील!"

"हसली," तो म्हणाला आणि तोंड धुवायला गेला. तोंड पुष्कळ वेळ धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या मशीनपाशी गेला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून म्हणाला, "ताई, त्या राखाडी सोफ्याच्या शिवणी झाल्या?"

ती उठून उभी राहिली. ताठ. हात पाठीमागे. "होताहेत, साहेब. तुम्ही म्हणाल तेव्हा देते."

साहेब. तुम्ही. ज्या तोंडाने जन्मभर गाढवा, मेल्या, माकडा म्हणून हाका मारल्या, त्या तोंडाने. त्याला वाटलं थट्टा आहे, तो हसला. ती हसली नाही. मोजपट्टी तिच्या गळ्यात नव्हती. मशीनच्या खणात गुंडाळून ठेवलेली होती, आणि तिथून ती परत गळ्यात आली नाही.

नक्कल मात्र कारखान्यात राहिली. सुपरवायझरची जागा हुकली होती, त्याची भरपाई फोमवाल्याने त्या नकलेवर करून घेतली. चहा मागायचा तर मोजपट्टीच्या जागी सुतळी गळ्यात अडकवायची, "तुमचा वेळ नाही ना घेत मी?" म्हणायचं आणि मागे सरकत कोपर आपटायचं. पहिल्यांदा त्याने हे केलं तेव्हा मखमलही हसला. सगळे हसत होते, आपण एकटे कसे गंभीर राहणार? दुसऱ्यांदा तो दरडावला, "पुरे रे."

"का? साहेब, तुमचाच माल आहे," फोमवाला डोळा मारून म्हणाला. "आम्ही फक्त वितरक."

दात आपले, ओठही आपलेच.

मग मॅडमनी नवीन शिलाई मशीन घेतलं. एकच मशीन दोघींचं काम उरकणारं. शिलाईवरच्या बायकांपैकी एकीला उसवायच्या खोलीत जावं लागणार होतं. उसवायची खोली म्हणजे कारखान्याचं पोट. जुना सोफा आला की आधी तिथे जायचा. त्याचं कापड ओरबाडायचं, कुजलेली भरणी उपसायची. दुसऱ्यांच्या घरची वर्षावर्षांची धूळ, केस, मुतलेल्या गाद्यांचा वास. खिडकी एक, तीही वरच्या अंगाला. तिथे काम करणारा माणूस संध्याकाळी राखाडी होऊन बाहेर पडायचा. आणि ताईला खोकला होता. तिच्या छातीचा भाता नुसत्या कापसाच्या वाऱ्यानेही वाजायचा.

मॅडम न्यायाने वागल्या, हे मान्य करायला हवं. त्यांनी शिलाईच्या बायकांना सांगितलं, "अजून काही ठरलेलं नाही. कुणाला अडचण असेल तर येऊन बोला. माझं दार उघडं आहे."

बाकीच्या गेल्या. एकीने पाठ सांगितली, एकीने डोळे सांगितले, एकीने नुसतंच रडून दाखवलं. ताई गेली नाही. तिच्याइतकं खरं कारण कुणाचंच नव्हतं, पण त्या दारात जायचं म्हणजे काय, हे आता तिला पक्कं ठाऊक होतं. दारात ती उभी राहिली असती आणि मागे अख्खा कारखाना हातोड्या थांबवून बघत राहिला असता, की आता वाकते, आता हसते, आता कोपर. मॅडमना वाटलं, तिची काही तक्रार नाही. ज्याने तोंड उघडलं नाही त्याला उसवायची खोली. ताई गेली. दुपारपर्यंत तिचा खोकला भिंतीतून ऐकू यायला लागला.

मखमलीच्या जिवाचं पाणी पाणी झालं. तो खोकला त्याच्या पाठीवर बसत होता. खिळे ठोकणारे कारागीर त्याच्याकडे बघायचे आणि नजर फिरवायचे. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते त्याने तेव्हा अनुभवलं. आणि सांगायचं तर तरीही तो दोनचार दिवस गप्पच बसला, कारण नवी खुर्ची होती आणि मॅडमना वाटायला नको, हा घरच्यांचं बघतो.

मग एका संध्याकाळी तो ताईच्या घरी गेला. ती खुर्चीत बसली होती, समोर गरम पाण्याचं पातेलं, डोक्यावरून टॉवेल. वाफ घेत होती. हसऱ्या सरांनी पुढच्या एका वर्गात माफी कशी मागावी तेही शिकवलं होतं. आधी आपलं काय चुकलं ते बोला, मग समोरच्याला काय वाटलं असेल ते बोला, मग आपण काय सुधारू ते बोला. त्याने वाटेत घोकलं होतं.

"ताई, मी तुझी नक्कल करायला नको होती. तुला वाईट वाटलं असणार, हे मी समजू शकतो. यापुढे मी..."

टॉवेलखालून आवाज आला, "हेही त्या वर्गातच शिकवलं का?"

"हो," तो म्हणाला.

"चांगलं शिकवलंय. घोटीव. सुरकुती नाही कुठे." मग खोकल्याची उबळ आली, ती थांबेपर्यंत तो उभाच राहिला. "बसा ना, साहेब. उभे का?"

"ताई, असं नको ना बोलू. शिव्या घाल हवं तर."

"शिव्या घरच्या माणसाला घालतात," ती म्हणाली. टॉवेल तिने काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमच्या केबिनमध्ये गेला. ताठ बसला, नजरेला नजर दिली, आवाज स्थिर ठेवला. शिकवलं होतं तसं सगळं. ताईला खोकला आहे, तिला शिलाईवर परत घ्या, तिच्या जागी दुसरी व्यवस्था मी करतो.

मॅडमनी ऐकून घेतलं. "पण हे तुम्ही का सांगताय? त्या मोठ्या आहेत, त्यांना तोंड आहे. मी दार उघडं ठेवलं होतं. सगळ्या आल्या, त्या नाही आल्या. त्यांच्या वतीने तुम्ही बोलायचं म्हणजे त्यांना आणखी लहान करणं नाही का?"

बाई शिकलेली होती आणि तिचं म्हणणं खोडता येत नव्हतं. तिला फक्त एक गोष्ट माहीत नव्हती. दार उघडं होतं, पण दाराकडे जाणारी वाट याने बुजवली होती.

तेव्हा त्याने ठरवलं. आठवड्याच्या सुरुवातीला सकाळी सगळे मधल्या जागेत जमायचे, मॅडम कामं सांगायच्या. तिथे बोलायचं. चारचौघांत पाप केलंय, चारचौघांत फेडायचं. रात्रभर त्याला वाटत राहिलं, हे बरोबर आहे. हे धाडस आहे. सकाळी उठला तो छाती काढूनच.

सगळे जमले. उसवायच्या खोलीच्या दारात ताई उभी होती, तोंडाला फडकं बांधलेलं, केसांवर धूळ. मॅडमचं बोलून झालं आणि मखमल पुढे आला.

"मला एक सांगायचंय. मी त्या दिवशी ताईची नक्कल केली आणि तुम्ही सगळे हसलात. पण ती तशी का वाकली होती, हे तुम्हाला माहीत नाही. मी मखमल नासवली, मालकांनी मला हाकललं, तेव्हा ती माझ्यासाठी केबिनमध्ये गेली होती. माझ्यासाठी तिने हात जोडले, माझ्यासाठी ती पायापर्यंत वाकली. तिचं कोपर दारावर आपटलं, आठवडाभर सुजलं होतं. मी काचेतून बघितलं. आणि तेच मी... मला लाज वाटते."

त्याचा आवाज खरोखरच फुटला. त्यात खोटं काही नव्हतं. फोमवाला खाली बघायला लागला. पॉलिशवाले काका पुटपुटले, "अरेरे. बिचारी." एका शिलाईवालीने डोळ्यांना हात लावला. आणि मग सगळी डोकी एकदम वळली. सगळे ताईकडे बघायला लागले. त्या दिवशी हसताना बघितलं होतं तितकंच टक लावून, फक्त आता डोळ्यांत पाणी.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "केवढं धैर्य लागतं याला!" त्या म्हणाल्या. "मी सरांना सांगते. पुढच्या वर्गात तुम्ही हे परत सांगा, सगळ्यांना शिकण्यासारखं आहे."

एकदोघांनी टाळ्यांत टाळ्या मिसळल्या. मखमलीला क्षणभर, अगदी क्षणभर, छातीत ऊब वाटली. आणि पुढच्याच क्षणी त्या उबेची त्याला शिसारी आली.

ताईने तोंडावरचं फडकं खाली ओढलं. हळू चालत ती त्याच्यापर्यंत आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आधी मला दाखवून हसवलंस," ती म्हणाली, "आता मला दाखवून रडवलंस. दोन्ही वेळा टाळ्या तुला." घरातल्यासारखं एकेरी बोलली, पण त्यात घर नव्हतं. "ती एक गोष्ट माझी होती. तुलासुद्धा सांगितली नव्हती मी. कशाला सांगायची? केली, झालं. आता हे सगळे जन्मभर मला बिचारी म्हणणार. नक्कल बरी होती रे त्यापेक्षा. त्यात निदान मी तुमच्यातली एक होते."

तो तोंड उघडून उभा राहिला. तोंडात खिळे नव्हते, तरी एक शब्द फुटेना.

"चला, वाट द्या," ती म्हणाली, आणि त्याला वळसा घालून सरळ केबिनकडे निघाली. मॅडम टाळ्या वाजवून आत जाऊन बसल्या होत्या. ताईने टकटक केली नाही. आत गेली, मागे दार लावून घेतलं.

आणि मग ते झालं ज्याची त्याला भीती होती. एक जणही जागचा हलला नाही. फोमवाला, काका, शिलाईवाल्या, सुतार, सगळ्यांच्या माना काचेकडे. कुणाच्या डोळ्यांत दया, कुणाच्या डोळ्यांत कुतूहल, पण डोळे सगळ्यांचे तिथेच. कशी उभी राहते? वाकते का? याचीही मान आपोआप तिकडे वळायला लागली. अंगात मुरलेली खोड. तिची पाठ त्याला डोळ्याच्या कडेला दिसायला लागली होती, एक राखाडी डाग.

त्याने मान हिसडून फिरवली आणि धावत जाऊन स्टेपल गनना हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचं बटण दाबलं. कॉम्प्रेसर घरघरला, सगळा कारखाना थरथरला.

"कामाला लागा!" तो ओरडला. असा तो कधी ओरडला नव्हता. "काय तमाशा आहे का इथे? तोंडं फिरवा! फिरव म्हणतो ना तोंड!"

"अहो, आम्ही नुसतं..." फोमवाला म्हणाला.

मखमलीने त्याचे खांदे धरून त्याला अक्षरशः भिंतीकडे वळवलं. "नुसतं बघायचंही नाही. मी बघितलं होतं नुसतं. त्याचं काय झालं ते बघितलंस ना?"

फोमवाल्याने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही टोला हाणला नाही. त्याने फोमचा ठोकळा ओढला आणि कापायला घेतला. काकांनी ब्रश उचलला. मशिनं सुरू झाली. हसऱ्या सरांनी दिलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं, त्याने गोड बोलून कुणाला जिंकलं नव्हतं, पण सुपरवायझर म्हणून दिलेला त्याचा हा पहिला हुकूम होता जो सगळ्यांनी पाळला.

तो स्वतः केबिनकडे पाठ करून उभा राहिला. समोर एका खुर्चीची मागची बाजू होती, तिच्याकडे बघत. आत काय चाललंय, कळायला मार्ग नव्हता. कॉम्प्रेसरच्या आवाजात एक शब्द येत नव्हता. ती ताठ उभी होती की वाकली होती, हसत होती की मॅडमशी भांडत होती, त्याला ठाऊक नव्हतं. आणि ते ठाऊक नसणं त्याला इतकं जड जात होतं, की त्याने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. ही लाज कुणाला दाखवता येण्यासारखी नव्हती. सांगितली तर पुन्हा टाळ्या पडल्या असत्या.

दार उघडल्याचा आवाज आला. तो वळला नाही. पावलं त्याच्या मागून गेली, उसवायच्या खोलीत गेली, परत आली. मग शिलाईच्या बाजूला एक स्टूल सरकलं. कोपऱ्यातलं जुनं मशीन चालू झालं. तिच्या मशीनचा आवाज तो झोपेतही ओळखला असता. एक टाका जड, मग सगळे हलके.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी तो तिकडून जात होता. थांबायचं नाही, असं ठरवून जात होता. तिनेच मशीन थांबवलं. खोकली. वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, माया नव्हती. कामावरच्या माणसाकडे बघतात तसं पाहिलं.

"साहेब," ती म्हणाली, "राखाडी दोरा संपत आलाय. मागवून ठेवा."

"हो," तो म्हणाला. "आजच मागवतो, ताई."

तिने मान हलवली आणि कापड पुन्हा सुईखाली सरकवलं.